आहारतज्ज्ञ : पद एक

जाहिरात आमच्या घरात आप्पांनी वाचली, आणि मोठ्यानं वाचली. आप्पा म्हणजे माझे सासरे. शाहूपुरीत त्यांचं बारदानाचं दुकान आहे. पोती, सुतळी, गोणपाट, ताडपत्री असला माल. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालाय की ते कुजबुजले तरी शेजारच्या दुकानातला माणूस "मला काय म्हणालासा?" म्हणून डोकावतो. सकाळचा पेपर त्यांना मनातल्या मनात वाचताच येत नाही. निधनवार्ता, उसाचा दर, कुस्तीचं मैदान आणि नोकरीच्या जाहिराती, सगळं घरानं ऐकायचं असतं.

त्या दिवशी आमच्या भागातल्या एका विद्यापीठाची आणि त्याच्याच मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची अर्धं पान भरून जाहिरात होती. आमच्या घरात कुणालाही लागू न पडणारी पदं आप्पा एकेक करून वाचत होते आणि प्रत्येकावर शेरा मारत होते. "भूलतज्ज्ञ, एमडी. ह्यो आपल्या आळीत एक बी न्हाई." "ग्रंथपाल. नेट-सेट पायजे म्हणं. पुस्तकं काढून द्यायला?" "स्टाफ नर्स, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग." "वाहनचालक, धावी पास, अवजड वाहनाचा परवाना." मग ते एकदम थांबले. आप्पा मध्येच थांबले म्हणजे घरात काहीतरी घडलं असं समजायचं, म्हणून मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आले.

"आहारतज्ज्ञ," आप्पा म्हणाले. "पद एक. एमएस्सी, अन्न आणि पोषण. दवाखान्यातला अनुभव असंल तर प्राधान्य. आगं, हे तुझंच की!"

माझंच होतं. माझं माहेर गारगोटीचं. एमएस्सी केल्यावर मी तिथल्याच एका लहान दवाखान्यात काम केलं होतं. बाळंतिणी, शुगरवाले, बीपीवाले. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि मी दुकानाची बिलं कॉम्प्युटरवर करायला बसले ती बसलेच. मी शिकलेली आहे हे सासरी सगळ्यांना माहीत होतं. माळ्यावर मोठं पातेलं आहे हे जसं माहीत असतं, तसं. कुणा पाहुण्याची शुगर वाढली की ते पातेलं खाली काढायचं, "आमच्या सूनबाईला विचारा की," आणि काम झालं की परत वर. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. माझी माणसं चांगली आहेत, नुसती मोठ्या आवाजाची आहेत.

पण मला ती जागा हवी होती. आहारतज्ज्ञाची जागा काही रोज निघत नाही. अख्ख्या दवाखान्यात एक, फार तर दोन, आणि एकदा एखादी बाई त्या खुर्चीवर बसली की निवृत्तीशिवाय उठत नाही. मुलगी आता शाळेत जायला लागली होती. हे हुकलं तर मी कायमची काउंटरवरची, हे मला पक्कं माहीत होतं. दवाखान्यात पांढरा कोट घालून वॉर्डातून फिरावं, कुणीतरी "मॅडम, ह्यास्नी काय द्यायचं?" असं विचारावं आणि मी सांगितलेलं त्यानं ऐकावं, एवढी साधी हाव होती माझी. घरात माझं एवढं कुणी ऐकत नव्हतं. सासूबाईंना मीठ कमी करा म्हटलं की त्या मीठ तेवढंच ठेवून माझ्यापुढं ताकाचा पेला सरकवायच्या.

थेट मुलाखत होती. मूळ कागदपत्रं, साक्षांकित झेरॉक्स, दोन फोटो घेऊन उमेदवारांनी स्वखर्चानं हजर राहायचं होतं. "स्वखर्चानं म्हंजे?" आप्पा म्हणाले. "त्यांच्या खर्चानं जायला त्यांच्या घरात लगीन हाय व्हय?" पण खरं घोडं पेंड खात होतं ते निराळीकडं. कागदपत्रांपेक्षा आप्पांना काळजी होती ओळखीची.

आमच्या गावात कामं माणसानं माणसाला सांगून होतात, अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. त्याला शब्द टाकणं म्हणतात. शाळेतला प्रवेश असो, नळाचं कनेक्शन असो, नाहीतर लग्नाचा हॉल असो, आधी कोणीतरी शब्द टाकायचा. आणि याची दुसरी बाजूही आहे, जी बाहेरच्या माणसाला कळत नाही. शब्द टाका म्हणून ज्याला सांगितलं, तो कधीही नाही म्हणत नाही. त्याची त्या ऑफिसात कुणाशी दुरूनही ओळख नसली तरी तो म्हणणार, "टाकतो की!" नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान, आणि आपलीही इज्जत जाते. त्यामुळं गावात रोज असंख्य शब्द टाकले जातात आणि त्यातले बहुतेक टाकणाऱ्याच्या खिशातच राहतात. कामं व्हायची ती होतात, आणि श्रेय शब्दाला जातं.

आप्पांनी आठवडाभर पै-पाहुणे धुंडाळले. आत कोणीच सापडलं नाही. सासूबाईंच्या निपाणीकडच्या एका चुलतभावाचा मेहुणा त्या दवाखान्याच्या लाँड्रीत होता, पण तो केव्हाच निवृत्त झाला होता. "आधीच ठरलेलं असतंय सगळं," समोरचे किराणावाले म्हणाले. "मुलाखत नुसती नावाला."

"आप्पा, माझं शिक्षण आहे, अनुभव आहे. होईल ते त्याच्यावरच होईल," मी म्हणाले.

"व्हईल की," आप्पा म्हणाले. "पर सांगायला कोनतरी पायजे, का हिचं शिक्षान हाय म्हणून."

मुलाखतीच्या सकाळी मी बाहेर आले तर आप्पा दारात उभे. दुकानात ते नेहमी सुतळीचे धागे चिकटलेला एक ढगळ खाकी शर्ट घालतात. आज पांढरी विजार, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, सगळं कांजी घालून कडक इस्त्री केलेलं. आमच्या भागात कामाच्या दिवशी असा पांढराशुभ्र माणूस दिसला की तो एकतर पुढारी असतो, नाहीतर शिक्षणसंस्थेचा कोणीतरी असतो, नाहीतर लग्नाला निघालेला असतो. लग्नाची तिथी नव्हती.

"तुम्ही कुठं निघालात?" मी विचारलं.

"सोबत."

"साकु!" सासूबाई आतून ओरडल्या. चिडल्या की त्यांना माहेरची कानडी सुचते, साकु म्हणजे पुरे, आणि त्यांचं पुरे म्हणजे पुरेच असतं. "मुलाखत तिची हाय, तुमची न्हाई. दुकानात जावा गप्प."

आप्पा गप्प स्कूटीवर मागं बसले. गाडी मी चालवत होते आणि ते माझी फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते, एक हात सुटला तर माझी पदवी रस्त्यावर सांडेल अशा बेतानं.

दवाखान्याचा व्हरांडा भरून गेला होता. आमच्याकडं मुलाखतीला एकटं येण्याची पद्धत नाही. एकेका उमेदवारामागं बाप, भाऊ, दीर, डबा घेतलेली आई. नर्सच्या जागेसाठी आलेल्या पोरींची तर जत्राच होती. आहारतज्ज्ञांचा बाक मात्र शेवटी होता आणि त्यावर आम्ही मोजक्याच होतो. माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्याहून बरीच लहान होती. मांडीवर वही, ओठ हलत होते. मी बसल्यावर ती सरकली आणि म्हणाली, "बसा की ताई निवांत. मी हुपरीहून आलोय. पहाटंच निघालो, तरी उशीर हुतोय का काय वाटलं."

कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, आलो, गेलो, करतो. मीही माहेरी गेले की तसंच बोलते. तिनं सांगितलं की वडील घरातच चांदीच्या पैंजणांचं काम करतात, ती पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून होती, तिथं तिला बराच काळ आयसीयूत टाकलं होतं. माझ्या फोटोचा डिंक सुटला होता, तो तिनं पर्समधून गोंदाची कांडी काढून चिकटवून दिला. मला ती आवडली. एकाच जागेसाठी दोघी बसलो होतो तरी आवडली. नाव मात्र विचारायचं राहिलं.

व्हरांड्याच्या खिडकीतून खाली कँटीन दिसत होतं. तिथं आप्पा एका टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यासमोर अगदी तसाच, पांढऱ्यात पांढरा, कडक इस्त्रीचा एक माणूस बसला होता. दोघांसमोर चहा होता आणि आप्पा त्याच्याकडं बिस्किटाची बशी सरकवत होते. आप्पांना कोणीतरी गाठ पडलंय हे माझ्या लक्षात आलं. खोटं कशाला बोलू, तोवर ओळखबिळख नको म्हणणाऱ्या मला त्या क्षणी बरं वाटलं.

मग माझं नाव पुकारलं. आत टेबलामागं चौघं होते. वयस्कर डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शुगरचा पेशंट म्हणाला, मी मटण सोडणार नाही. काय सांगाल?"

"सोडू नका म्हणेन," मी म्हणाले. "भाकऱ्या किती खाता ते विचारेन. आमच्याकडं माणूस मटण खातो थोडं, रश्शात भाकरी चुरून खातो ती जास्त."

चौघंही हसले. बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, जमलं. मग किडनीचं विचारलं, ते आलं. मग कडेला बसलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, आयसीयूमध्ये बेशुद्ध पेशंट आहे, नळीतून आहार द्यायचाय, वजन अमुक, किडनी अशी अशी, पहिल्या दिवशी किती द्याल, कशा गतीनं वाढवाल, काय झालं तर थांबवाल? मी कॉलेजात शिकलेलं आठवून सांगायला लागले. मधेच आकडा चुकला, तो सुधारला, सुधारलेलाही चुकला. गारगोटीच्या दवाखान्यात आयसीयू नव्हता. बाईंनी फार मायेनं "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून पुढचा प्रश्न विचारला, आणि त्या मायेनंच मला कळलं की ठीक नाही.

परत येताना आप्पा मागं एकदम गप्प होते. असं कधी होत नाही. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी वळून विचारलं, "काय झालं? कोण होते ते?"

"त्येच्या आयला," आप्पा म्हणाले, "तो बी माझ्यावानीच आलता."

हळूहळू सगळं बाहेर आलं. आप्पांना तो पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला आणि त्यांनी ताडलं, हा संस्थेचा. रीतसर नमस्कार केला, चहाला चला म्हणाले. आल्या आल्या काम सांगायचं नसतं, आधी ओळख वाढवायची, म्हणून उसाची, पावसाची, दुधाच्या दराची चौकशी केली. आणि आप्पा आता विषय काढणार तेवढ्यात समोरच्यानंच हात जोडले. "साहेब, आमची पोरगी आत हाय. तेवढा शब्द टाका." तोही कपडे बघूनच फसला होता. शिवाय न मागता चहा पाजणारा माणूस संस्थेचाच असणार, असा त्यानं हिशेब केला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

आप्पा पेट्रोलच्या आकड्याकडं बघत राहिले. "काय म्हणणार? टाकतो की, म्हणालो."

मी हसत सुटले. पंपावरचा माणूस बघायला लागला तरी हसू थांबेना. "मग माझं सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? त्यानं मला साहेब केल्यावर मी त्येला काय म्हणून सांगणार? कुठल्या जागंसाठी ते बी इचारलं न्हाई. नाव सांगितलं त्यानं, पर माझं ध्यान कुठं हुतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "फोन नंबर घेतलाय त्यानं, घरचा पत्ता बी. भला मानूस वाटला."

निवड झालेल्यांची नावं वेबसाईटवर लागली तेव्हा नवऱ्यानं दुकानातून फोन केला आणि नुसतं माझं नाव घेऊन थांबला. मला कळलं. आहारतज्ज्ञ, पद एक. त्यापुढं कुणा दुसरीचं नाव होतं.

नंतरचे दिवस सगळे माझ्याशी फार चांगलं वागले. सासूबाईंनी न सांगता शेंगाची पोळी केली. नवऱ्यानं दुकानातलं माझं काम आपल्याकडं घेतलं. आणि आप्पा, ते तर येईल त्या गिऱ्हाइकाला पोती मोजता मोजता सांगत होते, "गुणाला कोन इचारतंय? वशिल्यानं भरली जागा. कुणाचातरी शब्द पडला, आमची पोरगी राहिली." किराणावाले म्हणाले, "मी म्हणलं हुतं का न्हाई? आधीच ठरलेलं असतंय." गल्लीतली प्रत्येक बाई मला कडेला घेऊन हेच सांगून गेली. सगळे मला वाचवायला बघत होते. आणि मला त्याचा राग येत होता, इतका की भांडी आपटून ठेवत होते. त्या तरुण डॉक्टरांचा प्रश्न मला आठवत होता. मला आलं नव्हतं. पण तसं म्हणायला गेलं की लगेच कुणीतरी तोंडावर हात ठेवायचं, "आगं, तुझी काय चूक? वशिला असतोय." माझ्यावर अन्याय झाला हे घरानं एकमतानं ठरवून टाकलं होतं, आणि मी नापास झाले असं म्हणायची मला सोयच राहिली नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं आटोपत होती तेव्हा दारात हाक आली. "पावणं, हायसा का घरात?"

मी स्वयंपाकघरात होते. पडद्यातून बघितलं तर कँटीनमधला तो पांढऱ्या कपड्यातला माणूस. हातात पेढ्याचा मोठा बॉक्स, आणि मागं एक मुलगी, उजेडाकडं पाठ करून, मान खाली घालून उभी. त्यानं आत आल्या आल्या बॉक्स आप्पांच्या हातात ठेवला आणि दोन्ही हात धरले.

"साहेब, झालं! तुमच्या शब्दानं झालं! पोरीला ऑर्डर आली. फोनवर सांगायचं न्हाई, पाया पडूनच सांगायचं म्हणून आलो. धा ठिकाणी हेलपाटं घातलं, पर तुमच्यावानी मानूस भेटला न्हाई. नुसतं 'टाकतो की' म्हणलासा आणि टाकलासा!"

आप्पांचा चेहरा फुलला. मी बघत होते, म्हणून सांगते. अगदी क्षणभर तो फुलला. आयुष्यभर बारदान विकलेल्या माणसाला कोणी असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर कोण उतरेल? मग त्यांनी विचारलं, "बरं झालं, बरं झालं. कुठल्या जागंवर लागली पोरगी?"

"आहारतज्ज्ञ," तो माणूस म्हणाला. "एकच जागा हुती बघा!"

सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. बाहेर आप्पा बॉक्स हातात घेऊन तसेच उभे. आठवडाभर ते ज्याच्या नावानं बोटं मोडत होते, तो वशिला कोणाचा हे आता त्यांना कळलं होतं. त्यांचाच. आणि आपण कुणाशी एक अक्षरही बोललो नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

"बसा," आप्पा म्हणाले. आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "ऐका पावणं. मी कुणी न्हाई. मी बारदान विकतो. त्या दवाखान्यात माझ्या ओळखीचं चिटपाखरू न्हाई. मी शब्दबिब्द काय टाकला न्हाई."

तो माणूस हसला. "मोठी मानसं अशीच म्हणत्यात."

"आवो, खरंच न्हाई!"

"करून न केल्यावानी ऱ्हायला मोठं मन लागतंय, साहेब."

आप्पा जेवढं नाही म्हणत होते तेवढं त्याच्या डोळ्यांत ते मोठे होत होते. शेवटी आप्पांनी वळून पडद्याकडं बघून हाक मारली, "बाहेर ये गं." मी पदराला हात पुसत गेले. "ही माझी सून. एमएस्सी हाय. त्याच दिवशी, त्याच जागंसाठी आत हुती. आता सांगा, माझा शब्द चालत असता तर मी कुणासाठी टाकला असता?"

मुलीनं मान वर केली. बाकावरची गोंदाच्या कांडीवाली. "ताई, तुम्ही?"

आणि तिच्या वडिलांनी काय करावं? डोळ्यांत टचकन पाणी आणून ते आप्पांच्या पायावर वाकले. "देवमानूस हाय तुम्ही. सख्खी सून सोडून परक्याच्या पोरीसाठी..."

"आवो, कान हायती का न्हाईती?" आता आप्पांचा खरा आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत. त्यांनी बॉक्स टेबलावर ठेवला आणि त्या माणसाला दंडाला धरून उभं केलं. "मी काय केलं न्हाई! तुम्ही बी काय केलं न्हाई! आपुन दोघं भायेर चहा पीत बसलोतो. आत ही पोरगी एकटी हुती. जे काय केलं ते तिनं केलं. तिचं शिक्षान, तिचं डोस्कं. आणि तुम्ही तिच्याम्होरं त्याचं श्रेय एका पोतीवाल्याला द्यायला लागलाय? लाज वाटाय पायजे आपल्या दोघास्नी."

तो माणूस आपल्या मुलीकडं वळला. त्याच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं होतं. फार हळू त्यानं विचारलं, "व्हय गं? तूच?"

"मीच की, पप्पा," ती म्हणाली. "ऑर्डर आल्यापास्नं हेच सांगाय लागलोय मी. तुम्ही ऐकून घेतच न्हाई."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. मला तिचा हेवा वाटला, जागेचा वाटला त्याहून जास्त, हे मी लपवत नाही. तेवढ्यात आप्पा माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता माझी समजूत घालतील, पुढच्या वेळी होईल म्हणतील.

"आणि तुझं बी," आप्पा म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "आठ दिवस मी काय बी बडबडलो. तुझं कुणी हुकवलं न्हाई, पोरी. तुझं हुकलं. ते बी तुझंच हाय. त्यात मी हात घालाय नगो हुता."

मी रडले. नावं लागल्यापासून रडले नव्हते, भांडी आपटत होते. आता सगळ्यांसमोर, परक्या माणसांसमोर, हुंदके देऊन रडले. सासूबाई पुढं यायला लागल्या तर आप्पांनी त्यांना हातानं थांबवलं. कुणीही मला गप्प केलं नाही, आणि मला त्या घराबद्दल, त्या मोठ्या आवाजाच्या माणसाबद्दल एवढी माया वाटली की त्यासाठीही थोडं रडून घेतलं.

मग डोळे पुसून मी त्या मुलीला विचारलं, "नळीतनं आहार द्यायचा प्रश्न तुलाही विचारला होता का गं? आयसीयूचा?"

"विचारला होता," ती म्हणाली.

"मला तो आला नाही," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, आप्पांसारखं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

तिनं टेबलावरचा पेढ्याचा बॉक्स बाजूला सरकवला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "कागद-पेन आणा ताई. सोपं हाय ते."